गाडीच्या एसीचा गॅस दरवर्षी का भरावा लागतो आणि बिल का फुगते?

प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची पेट्रोल हॅचबॅक. गेली तीन वर्षे दर मार्च-एप्रिलमध्ये एसीचा गॅस भरावा लागतो. पहिल्या वर्षी १२०० रुपये घेतले, यंदा २६०० सांगितले. वर ‘कूलिंग कॉइल गेली आहे, सगळे मिळून १४ हजार होतील’ असेही ऐकवले. गॅस इतका महाग का झाला आणि कॉइल खरेच बदलावी लागेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण मोठा खर्च तिकडे आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की इंजिन ऑइलसारखा खराब होत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. अगदी थोडा रबरी होजमधून आणि गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून झिरपतो. युरोपीय संघाच्या २००६च्या नियमात एकच कूलिंग कॉइल (केबिनची हवा थंड करणारी जाळी) असलेल्या गाडीला वर्षाला ४० ग्रॅमपर्यंत गळती माफ आहे. तुमच्यासारख्या हॅचबॅकमध्ये एकूण गॅस ३५० ते ४५० ग्रॅम असतो आणि थंडावा कमी झाल्याचे जाणवायला त्यातला तिसरा हिस्सा तरी जावा लागतो. म्हणजे नियमाच्या अगदी टोकावर गळणारी सिस्टिमही तीन वर्षे काढते, चांगली असेल तर आठ-दहा वर्षे कुणी हात लावत नाही. तुमची वर्षाच्या आत बसते. तेव्हा कुठेतरी गळती आहे, यात शंका नाही. ती कॉइललाच आहे की गॅस भरायच्या तोंडातल्या पन्नास रुपयांच्या पिन व्हॉल्व्हला, हे मात्र अजून कुणी सिद्ध केलेले दिसत नाही.

आता दराचे बघू. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. ओझोनला तो अपाय करत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो आर-१३४ए म्हणजे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. तुमच्या गाडीतून वर्षाला २०० ग्रॅम उडत असेल तर तो सव्वाशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका झाला. म्हणूनच २०१६ साली रवांडातल्या किगाली शहरात झालेल्या करारात हा गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने २०२१मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे वापर २०२८मध्ये गोठवायचा आहे आणि प्रत्यक्ष कपात २०३२पासून सुरू होईल. चीन मात्र आधी सुरुवात करायच्या गटात येतो आणि त्याने २०२४पासून उत्पादनाला कोटा लावला. जगातला सर्वांत मोठा उत्पादक तोच असल्यामुळे भाव तिथून हलले. भारतात एसआरएफसारख्या कंपन्या हा गॅस बनवतात, पण बाजारभाव शेवटी जगाच्या भावाला बांधलेला असतो. स्वस्ताईचे दिवस परत येतील असे धरून चालू नका.

तरीही २६०० रुपयांच्या बिलात ४०० ग्रॅम गॅसचा माल बहुतेक ठिकाणी हजाराच्या आतलाच असतो. बाकीची मजुरी, व्हॅक्यूमचा (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढण्याचा) वेळ, ऑइल, मशीनचा घसारा आणि पक्के बिल असेल तर १८ टक्के जीएसटी. त्यामुळे ‘गॅस महागला’ हे खरे असले तरी बिल दुप्पट व्हायला तेवढे कारण पुरत नाही. खरी वाढ सुट्या भागांत आणि ते काढण्याच्या मजुरीत आहे. पूर्वी गॅसमधली ओल शोषणारा रिसिव्हर ड्रायर म्हणजे वेगळी डबी असायची, दोन नट खोलले की बदलून व्हायची. आता बऱ्याच गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीच्या) कडेलाच बसवलेला असतो. कंडेन्सरच्या नळ्या केसासारख्या बारीक मार्गांच्या झाल्यात, त्या आतून धुता येत नाहीत. कॉम्प्रेसरमध्ये त्याला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या मॅग्नेट क्लचऐवजी किंवा त्याच्या जोडीला, किती गॅस दाबायचा ते ठरवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह आला. कंपनी पुष्कळदा सुटा भाग देतच नाही, अख्खी असेंब्लीच विकते. सप्टेंबर २०२५मध्ये मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो दिलासा. तुमचे कोटेशन जुन्या दराने केलेले नाही ना, हे एकदा बघून घ्या.

आता कामाचे. गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर एक आकडा मिळवायचा आहे: आत सध्या किती ग्रॅम गॅस आहे? रिकव्हरी मशीन जुना गॅस ओढून घेते आणि वजन दाखवते. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असते, त्यावर गॅसचा प्रकार आणि कंपनीने ठरवलेले वजन छापलेले असते. स्टिकरवर ४०० आणि मशीनमधून ३७० निघाले, तर थंडावा कमी असण्याचे कारण गॅस नाही. मग कंडेन्सरचा पंखा, साचलेली धूळ, बुजलेला केबिन फिल्टर, हीटरची गरम हवा मिसळणारा फ्लॅप, नाहीतर कॉम्प्रेसरचा कंट्रोल व्हॉल्व्ह तपासायचा. ४०० पैकी १८० निघाले तर गळती पक्की आणि तिचा वेगही कळला. ज्या गॅरेजात रिकव्हरी मशीन नाही तिथे पिन दाबून गॅस हवेत सोडतात. पर्यावरण राहू द्या बाजूला, त्या फुस्स आवाजाबरोबर तुमचा पुरावाही उडून जातो.

नुसते गेज लावून ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये, त्याचे कारण सांगतो. इंजिन बंद असताना गेज जे दाखवते तो फक्त तापमानाचा आकडा असतो. आर-१३४ए ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवतो आणि ३५ अंशांना ११४. आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत हा आकडा बदलत नाही, मग गॅस १०० ग्रॅम असो वा ४००. इंजिन चालू करून, १५०० आरपीएमला, बाहेर ३५ अंश असताना लो साइडला (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) ३० ते ४० आणि हाय साइडला (त्यातून बाहेर पडणारी जास्त दाबाची) २०० ते २५० पीएसआय असावे, हे मेकॅनिक पाठ म्हणून दाखवतात. जुन्या फिक्स्ड (कायम एकाच स्ट्रोकच्या) कॉम्प्रेसरला ते बरेचसे लागूही पडते. पण व्हेरिएबल कॉम्प्रेसर स्वतःचा स्ट्रोक कमी-जास्त करून लो साइड तिशीच्या आसपास धरून ठेवतो. गॅस पाव हिस्सा कमी असला तरी गेजवर सगळे आलबेल दिसते. अशा गाडीत वजनाशिवाय दुसरा मार्ग नाही.

गेजचा उपयोग दोष ओळखायला मात्र होतो. दोन्ही बाजू खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. कंडेन्सरवर पाणी मारताच हाय साइड झपकन उतरली तर पंखा किंवा धूळ धरा. लो साइड वर आणि हाय साइड खाली म्हणजे कॉम्प्रेसर दाबत नाही. लो साइड शून्याकडे घसरून थोड्या वेळाने आपोआप वर येत असेल तर कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये ओल गोठते आहे. हे दर पावसाळ्यानंतर हमखास दिसते, कारण कुणीतरी व्हॅक्यूम न मारताच गॅस भरलेला असतो.

गळती शोधायची ती स्वस्ताकडून महागाकडे. सर्वांत आधी दोन्ही सर्व्हिस पोर्टचे पिन व्हॉल्व्ह. त्यांच्यावर साबणाचा फेस टाका. प्लास्टिकची टोपी हरवलेली असेल तर संशय आणखी पक्का, कारण खरे सील पिन नसून टोपीतली ओ-रिंग (रबरी कडी) असते. मग पाइपांचे जोड आणि प्रेशर स्विच. मग कंडेन्सर: जिथे गळते तिथे तेलकट धुळीचा डाग बसतो. दगड लागलेला दिसेलच. कोकण किनारपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या पट्ट्या तळाकडून भुगा होऊन गळतात, त्यासाठी दगड लागत नाही. मग कॉम्प्रेसरच्या क्लच प्लेटभोवती तेलाचे शिंतोडे, म्हणजे शाफ्ट सील. हे सगळे कोरडे निघाले तरच कूलिंग कॉइलकडे जायचे.

कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर खापर फोडणे सोपे असते. तिचे दोन पुरावे मागा. पहिला: एसी थोडा वेळ चालवून गाडी बंद करायची, पंधरा मिनिटे थांबायचे आणि ज्या नळीतून एसीचे पाणी खाली ठिबकते तिच्या तोंडाशी गॅस हुंगणारा इलेक्ट्रॉनिक स्निफर धरायचा (पाणी त्याच्या टोकाला लागू द्यायचे नाही). गॅस हवेपेक्षा जड असतो, गळत असेल तर तिथेच उतरतो. दुसरा आणि भक्कम: इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एक्सपान्शन व्हॉल्व्हचा जोड असतो. तो खोलून फक्त कॉइल ब्लँकिंग प्लेटने बंद करायची, त्यात दहा बार नायट्रोजन भरायचा आणि अर्धा-पाऊण तास गेज बघत बसायचे. आतली जागा लहान असल्याने बारीक भोकही काटा हलवते. काटा जागचा हलला नाही तर डॅशबोर्ड खोलू देऊ नका. ही चाचणी करायला तासाभराची मजुरी पडेल. १४ हजारांपुढे ती काहीच नाही.

नायट्रोजन म्हणजे नायट्रोजनच, रेग्युलेटर लावून. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरणारे लोक आहेत. त्या हवेबरोबर ओल आत जाते, आणि दाबाखाली हवा व आर-१३४ए यांचे मिश्रण पेट घेऊ शकते. ऑक्सिजनचे तर नावही काढू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट.

कॉइल खरोखर गेली असेल तर १४ हजार हा आकडा अवास्तव नाही. पण त्याची फोड मागा. काही गाड्यांत ग्लव्ह बॉक्स काढून कॉइल बाहेर येते, दोन-तीन तासांचे काम. काहींत स्टिअरिंग, एअरबॅग आणि सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे पूर्ण दिवस जातो. तुमचे मॉडेल कोणत्या प्रकारात येते यावर मजुरी रास्त की नाही ते ठरते. डॅशबोर्ड उतरणारच असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह, सगळ्या ओ-रिंगा आणि केबिन फिल्टर त्याच वेळी नवे घाला. पुढे एका व्हॉल्व्हसाठी पुन्हा तोच खटाटोप करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. जुन्या कॉइलला ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. कॉइलचा पत्रा धूळ, पालापाचोळा आणि सततच्या ओलीने जागोजागी खाल्लेला असतो, एक भोक बुजवले की शेजारी दुसरे पडते. अॅल्युमिनियमच्या जाड पाइपाला पडलेली चीर आर्गॉन वेल्डिंगने टिकते, तिथे जरूर करून घ्या.

भाग बसवल्यावर ऑइलचे गणित येते आणि पुढच्या दोन वर्षांत कॉम्प्रेसर जाईल की राहील ते बरेचसे इथे ठरते. छोट्या गाडीच्या पूर्ण सिस्टिममध्ये ऑइल जेमतेम ८० ते १२० मिली असते. नवी कॉइल घातली तर साधारण ३० ते ५० मिली, कंडेन्सरला २० ते ३०, ड्रायरला १० ते २० मिली भरून काढायचे, शिवाय रिकव्हरीत गॅसबरोबर जेवढे निघाले तेवढे. नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. ऑइल पॅग या कृत्रिम जातीचे, पण दाटपणाचा ग्रेड ४६, १०० की १५० ते कॉम्प्रेसरवर लिहिलेले असते. पॅग ऑइल हवेतली ओल मिठासारखी ओढते. महिनाभर उघडा पडलेला डबा वापरणे म्हणजे आत पाणी घालणेच, त्यातून आम्ल तयार होते आणि तेच पुढे धातू खाते.

व्हॅक्यूम निदान अर्धा तास, पावसाळ्यात किंवा सिस्टिम बरेच दिवस उघडी राहिली असेल तर पाऊण ते एक तास. पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटे काटा धरून राहतो का ते बघायचे. दहा मिनिटांत ‘झाले साहेब’ म्हणणाऱ्याने हवा काढलेली असते, ओल नाही. मग इंजिन बंद ठेवून हाय साइडने द्रवरूप गॅस काट्यावर मोजून सोडायचा. राहिलेला असेल तर इंजिन चालू करून लो साइडने, वायुरूपात. चालू इंजिनला लो साइडने द्रव सोडला तर कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेटा वाकतात, कारण द्रव दाबला जात नाही.

स्टिकरवरच्या आकड्याच्या वीस ग्रॅम मागेपुढे चालेल. ‘थोडा जास्तच मारतो, थंड लागेल’ हे उलटे आहे. कंडेन्सरमध्ये जागाच कमी उरते, हाय साइडचा दाब चढतो, थंडावा कमी होतो आणि इंजिनवर ओझे वाढते. लो साइडच्या पाइपला घाम फुटेपर्यंत गॅस भरायची पद्धत आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यातली, जेव्हा सिस्टिममध्ये किलोभर गॅस मावायचा.

काम झाल्यावर थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा. बाहेर ३५ अंश, रीसर्क्युलेशन चालू, दारे बंद, दहा मिनिटे चालवून ६ ते १० अंश यायला हवेत. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत तीच गाडी १२-१४ देईल, तो दोष नव्हे. मुंबईच्या दमट हवेतही दोन-तीन अंश जास्तच येतात, कारण एसीची बरीच ताकद हवेतले पाणी गाळण्यात जाते.

दरवर्षी नुसता गॅस भरत राहिले तर काय बिघडते? कॉम्प्रेसरला स्वतःचा ऑइल पंप नसतो असे समजा. ऑइल गॅसबरोबर वाहत येते. गॅस अर्धा झाला की परत येणारे ऑइलही घटते, आणि कॉम्प्रेसर बंद पाडणारा प्रेशर स्विच मात्र गॅस जवळपास संपेपर्यंत गप्प असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही ‘हल्ली थंड कमी लागते’ म्हणत ब्लोअर चारवर ठेवता, तेव्हा आत कोरडी घासाघास चालू असते. एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो आणि धातूचा काळा चुरा कंडेन्सरपर्यंत पसरतो. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह असे सगळेच बदलावे लागते, आणि बिल तुमच्या कॉइलच्या दुप्पट-तिप्पट होते. त्या वेळी फक्त कॉम्प्रेसर बदलून पैसे वाचवले तर जुना चुरा नव्या कॉम्प्रेसरला काही महिन्यांत खातो. एसीच्या सगळ्या दुरुस्त्यांत काटकसर न करण्याची जागा ही एकच.

उलट कॉम्प्रेसर नुसता आवाज करत असेल तर घाबरू नका. एसी बंद असतानाही आवाज येतो तो पुलीच्या बेअरिंगचा, सुटे मिळते. क्लच लागत नसेल तर क्लचमधल्या विजेच्या कॉइलचा रोध मोजा, ३ ते ४.५ ओहमच्या आसपास यावा. तो ठीक असेल तर क्लच प्लेटची फट मोजा. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, झिजून वाढली की तापलेल्या इंजिनला क्लच ओढत नाही आणि एसी ट्रॅफिकमध्ये जातो, सकाळी येतो. शिम (पातळ चकती) काढून फट कमी करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. त्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलल्याची बिले निघतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतरत्र जुना कॉम्प्रेसर घेणार असाल तर त्याची दोन्ही तोंडे बुचाने बंद असलेलाच घ्या. आतले ऑइल ओतून बघा. काळे किंवा चमचमते असेल तर परत ठेवा.

गॅसच्या भावामुळे बनावट मालही वाढतो, म्हणून डब्याकडे लक्ष ठेवा. ४५० ग्रॅमचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडू द्या आणि आधी-नंतर वजन करा. घरगुती एसीचा आर-२२ भरला तर ३० अंशांना स्थिर दाब १५८ पीएसआयच्या पुढे दिसतो, तो लगेच पकडता येतो. प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण मात्र दाबाने आर-१३४एसारखेच वागते आणि थंडही छान करते. फक्त ते केबिनच्या आतल्या कॉइलमधून गळले तर तुम्ही स्वयंपाकाच्या गॅसच्या डब्यात बसलेले असता. सर्वांत घातक भेसळ मिथाइल क्लोराइडची. ती अॅल्युमिनियमशी प्रक्रिया करते आणि हवा लागताच पेटणारे पदार्थ तयार होतात. २०११मध्ये अशा गॅसमुळे जहाजांनी माल नेणारे रीफर (शीत) कंटेनर फुटून माणसे दगावली होती. गळती बुजवणारे ‘स्टॉप लीक’ औषधही घालू देऊ नका. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये आणि रिकव्हरी मशीनमध्ये घट्ट होते, मग चांगले गॅरेज तुमच्या गाडीला मशीन लावायलाच तयार होत नाही.

स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिले असेल तर हे सगळे दर विसरा. युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत आर-१३४ए चालत नाही, म्हणून तिकडे राहणाऱ्यांची गॅसची बिले आपल्याला अविश्वसनीय वाटतात. आर-१२३४वायएफ किलोमागे कित्येक पट महाग, थोडा ज्वलनशील, आणि त्याचे पोर्टही वेगळे. अॅडॉप्टर लावून त्यात आर-१३४ए भरून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरची मोटर गॅस आणि ऑइलच्या प्रवाहातच फिरते, म्हणून तिथे वीज न वाहू देणारे पीओई ऑइल लागते. पॅग थोडे जरी मिसळले तरी इन्सुलेशन फॉल्ट येऊन गाडी उभी राहू शकते. अनेक मॉडेलांत बॅटरीही याच गॅसने थंड होते. नाक्यावरच्या गॅरेजला तिथे पोर्टला हातही लावू देऊ नका.

तुमच्यापुरते सांगायचे तर २६०० रुपये आत्ता देऊ नका. रिकव्हरी मशीन आणि नायट्रोजन असलेले गॅरेज गाठा, निघालेला गॅस ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि कॉइल एकटी बंद करून चाचणी मागा. कॉइल निघाली तर बिलावर भाग, मजुरी, ऑइलचा ग्रेड व मिली, गॅसचे ग्रॅम आणि व्हॅक्यूमची मिनिटे वेगवेगळी लिहून मागा, भागाची वॉरंटी त्याच कागदावर. आणि रोज गाडी बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवा. कॉइल वाळते, कुबट वास येत नाही आणि नव्या कॉइलचा पत्रा सडायला जास्त वर्षे लागतात.